रात्रीची सांगली बघायची राहिलीय, दोन रात्री येतोय, कुठं जेवावं कुठं बसावं सांगा

हॉस्टेलची_खिडकी:
नमस्कार मंडळी. मी मूळची पंढरपूरची. १९९९ ते २००३ सांगलीत इंजिनिअरिंगला होते, तेव्हाच्या त्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं मिरजेला उतरायचे आणि तिथून पुढं सांगली. चार वर्षं काढली पण संध्याकाळी साडेसातनंतरची सांगली एकदाही बघितली नाही. साडेसातला हॉस्टेलचं गेट बंद, मॅडम वही घेऊन उभ्या. वर्गातली पोरं सकाळी येऊन सांगायची काल स्टँडसमोर बुर्जी खाल्ली, आयर्विन पुलावर दीडपर्यंत बसलो, अमक्याचा वाढदिवस कृष्णेच्या घाटावर केला, आणि आम्ही पोरी मेसची गार आमटी खाऊन झोपलेल्या असायचो. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, असंच असतं वाटायचं. आता माझी मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी ती कुठंतरी हॉस्टेलला जाईल, आणि गेल्या महिन्यात तिनं सहज विचारलं की आई तू रात्री मैत्रिणींबरोबर कुठं फिरायचीस, तर माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं.

तर आता आम्ही पाच जण जमतोय, आम्ही तिघी आणि वर्गातलेच दोघं. ४ नोव्हेंबरला संध्याकाळी पोचणार, ६ ला सकाळी निघणार. एक मैत्रीण जैन आहे, कांदा-लसूण बटाटा काही नाही. एक मित्र मटणाशिवाय बोलत नाही. दोघं बिअर घेतील, बाकीचे नाही. पब आणि डीजे नको, ते पुण्यात रोज आहे. मला ती पोरं जे सांगायची ते बघायचंय. एवढ्या वर्षांत काय राहिलंय काय गेलंय ते तुम्हीच सांगू शकता.

गावभागातला:
ताई पहिलं घड्याळाचं सांगतो मग खाण्याचं. आपल्याकडं बऱ्याच हॉटेलात साडेदहाच्या आसपास शेवटची ऑर्डर घेतात आणि अकराला खुर्च्या टेबलावर चढतात, त्यामुळं नऊला निघू दहाला ठरवू असं केलंत तर उपाशी राहाल. साडेआठला ताटावर बसायचं. सांगलीची रात्र जेवण झाल्यावर सुरू होते, जेवणाबरोबर नाही.

पहिल्या संध्याकाळी गाडी लावा आणि गणपती मंदिरापासून चालत सुटा. दर्शन घ्या, मग गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक. दुकानं मिटायच्या वेळेला या पेठांतनं चालण्यात जी मजा आहे ती दिवसा नाही, शटर ओढल्याचा आवाज, हिशोबाला बसलेले शेटजी, कोपऱ्यावरच्या भेळेच्या गाडीवर शेवटची गर्दी. मारुती चौकात दोन मिनिटं थांबा. ऑगस्ट २०१९ ला इथं बोटी चालत होत्या. आयर्विनपाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझं दुकान त्यात होतं. पाणी उतरल्यावर आठ दिवस नुसता चिखल काढला, आणि नवव्या दिवशी समोरच्या गाडीवाल्यानं पहिल्यांदा स्टो पेटवला तेव्हा आम्ही सगळे दुकानदार तिथं उभं राहून चहा प्यालो, तो चहा मी विसरणार नाही. म्हणून सांगतो, गाड्यांवर खावा, चार पैसे तिथं जाऊ द्या.

भडंग, म्हणजे आपले तिखट चुरमुरे, घेऊनच घाटावर जा. गोरे बंधूंचं पाकीट घेतलं तरी चालतंय, पण वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू पाहिजे. तुमच्या जैन मैत्रिणीसाठी मात्र विचारून घ्या, भडंगाचा जीवच लसणात असतो.

सांगलवाडीकर:
मटणाचं मी बोलतो. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे म्हणून लोक तिकडं पळतात, काही गरज नाही. सांगली-मिरज रोडला, अंकलीच्या बाजूला, माधवनगर रोडला, जिथं बाहेर गाड्या जास्त आणि बोर्ड लहान दिसेल तिथं शिरा. ताट घ्या. सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी, दही-कांदा. पांढरा रस्सा आधी नुसता वाटीनं प्या, भाकरीत चुरू नका, मग तांबडा. आणि आपल्याकडच्या कांदा-लसूण चटणीचा जो रंग असतो तो वेगळाच, वर तेलाचा तवंग पण घशाला जाळ नाही.

शाकाहारी लोकांनी हिरमुसायचं कारण नाही. अख्खा मसूर खावा. इस्लामपूरकडच्या ढाब्यांवरनं हा पदार्थ सगळीकडं गेला, आता पुण्या-मुंबईत पण मिळतोय पण तिकडं त्याची डाळ करून टाकतात. इथं मसूर आख्खा राहायला पाहिजे आणि तरी बोटानं चेपला तर मऊ. सोबत रोटी नाहीतर ज्वारीची भाकरी. इस्लामपूरला जायचं तर चाळीस किलोमीटर, रात्री नका जाऊ, कारखान्यांचा हंगाम सुरू झाला असला तर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागं लाईट नाही रिफ्लेक्टर नाही. दरवर्षी कोण ना कोण जातंय त्यात. मनापासून सांगतोय, शहरातच खावा.

मिरजेचा_तंबोरा:
सगळे सांगलीच सांगताय, रात्र बघायची तर मिरजेला या. दहा किलोमीटर. सांगली झोपते पण मिरज झोपत नाही, आणि त्याला कारण दोन, स्टेशन आणि दवाखाने. जंक्शन आहे, पुणे कोल्हापूर बेळगाव पंढरपूर चारी बाजूच्या गाड्या. आणि वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला हॉस्पिटल काढल्यापासून हे दवाखान्यांचं गाव झालं, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक रात्री दोनला बाहेर येऊन चहा शोधणारच. त्यामुळं रात्री चहा, ऑम्लेट, बुर्जी, इडली मिळतेच मिळते. तिथं बसलं की शेजारच्या बाकावर कोणीतरी आपल्या माणसाच्या ऑपरेशनची वाट बघत बसलेलं असतं, मोठ्यानं हसू नका एवढीच विनंती.

लवकर आलात तर सतारमेकर गल्लीतनं चक्कर मारा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं. दुकानं रात्री बंद असतात पण सातपर्यंत आलात तर भोपळे टांगलेले दिसतील, कोणीतरी तारा जुळवत बसलेलं असेल. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथं राहिले, १९३७ ला गेले, आणि अजून उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या नावानं गाणं होतं. माझ्यासाठी नाईटलाईफ म्हणजे ते. माझा बाप मला तिथं खांद्यावर घेऊन जायचा, मध्यरात्र उलटलेली असायची, गाणं चालू, आणि बाहेर शीक भाजल्याचा वास. उरुसाच्या दिवसात परत एकदा या ताई.

नाईट_ड्युटी:
मी मिरजेत नर्स आहे, अकरा वर्षं रात्रपाळी केली. बायकांच्या बाजूनं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ताई, फिरायला भीती नाही, मी रात्री दीडला स्कूटीवरनं विश्रामबागला घरी येते, शंभर फुटी रस्त्यावर, कॉलेज कॉर्नरला माणसं असतात. घाटावर मात्र दहानंतर आडोशाला जाऊ नका, पायऱ्यांवर जिथं दिवा आहे तिथंच बसा, शेवाळ असतं, पाय घसरतो. आयर्विनवर मधोमध थांबू नका, अरुंद आहे, कडेनं चालत जा चालत या.

त्रास वेगळाच आहे. बिअर मिळते अशा हॉटेलात बाई दिसली की लगेच म्हणतात मॅडम वर फॅमिलीत बसा. वर म्हणजे पडदे लावलेले डबे, पंखा एक, वेटर अर्ध्या तासानं येणार. आम्ही चौघी नर्सेस एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलो होतो, कोणी पीत नव्हतं, फक्त जेवायला. तरी खाली बसू दिलं नाही. हॉटेलचं नाव लिहीत नाही. तुम्ही आधी फोन करून विचारा की आम्ही बाया आहोत आणि खालीच हॉलमध्ये बसणार, चालेल का. जो हो म्हणेल तिथं जा. अशी ठिकाणं आहेत आणि वाढतायत.

हॉस्टेलची_खिडकी:
नाईट ड्युटी ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, मला सुचलंच नसतं विचारायचं. फोन करून ठेवते. मिरजेचं आमच्या दुसऱ्या रात्रीत घालते. कोणी ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळचं सांगा, त्या दिवशी काही असतं का?

तिसरी_घंटा:
५ नोव्हेंबरला सांगलीत काही असतं का असं विचारताय! रंगभूमी दिन आहे ताई. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला मराठीतलं पहिलं नाटक इथं सांगलीत केलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. म्हणून दरवर्षी ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरव पदक देतात. नाटकवाल्यांना या पदकाचं काय वाटतं ते त्या दिवशी समोर बसून बघावं, मोठमोठी माणसं इथं स्टेजवर आली की आवाज कापतो त्यांचा. जागा मिळाली तर नक्की बसा.

आणि नाटक सुटल्यावरचं खाणं हीच खरी सांगलीची जुनी रात्र. स्पर्धेच्या दिवसात आम्ही पडदा पडल्यावर साडेअकराला बाहेर यायचो, तोंडाला अजून रंग, आणि गाडीवाला आमच्यासाठी थांबलेला असायचा. कट वडा आणि त्यावर भांडण, कोणाचा प्रवेश पडला, कोण ओळ विसरलं. नाटककार देवल हरिपूरचे, बालगंधर्व नागठाण्याचे, हा सगळा आपलाच मुलूख आहे, त्यामुळं इथला प्रेक्षक पण नाटक सुटल्यावर लगेच घरी जात नाही, चौकात उभा राहून बोलतो.

लोणी_डोसा:
मी विश्रामबागला गाडी लावतो, दावणगिरी लोणी डोसा. एवढे सगळे गाड्यांबद्दल लिहितायत म्हणून बरं वाटलं. जैन ताईंना पाठवा. पिठात तांदूळ उडदाबरोबर चुरमुरे भिजवून वाटतो म्हणून डोश्याला जाळी पडते आणि लोणी आत मुरतं. सोबतची भाजी बटाट्याची असते ती द्यायची नाही, नुसती ओल्या नारळाची चटणी, त्यात लसूण नाही. तवा वेगळा पाहिजे म्हणाल्या तर पहिला डोसा त्यांचा टाकतो. आपल्याकडं जैन गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळं पावभाजीवाले पण कच्च्या केळ्याची भाजी करून देतात, बोलायचं फक्त.

लवकर बंद का करतो ते सांगतो. परवानगीचं कारण नाही, २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्यानं दारू सोडून बाकी हॉटेलं चोवीस तास चालवता येतात. पण माझी दोन पोरं कवठेमहांकाळकडची आहेत, त्यांची शेवटची एसटी गेली की मला त्यांची झोपायची सोय बघायला लागती. पीठ सकाळी सहाला वाटायला घ्यायचं. साडेदहानंतर येणारे चार, त्यातले दोन प्यालेले, पैशावरनं हुज्जत. बायामाणसं, फॅमिली रात्री उशिरा बाहेर पडायला लागली तर मी बारापर्यंत थांबीन. मला परवडंल.

नाईट_ड्युटी:
दादा, आम्ही गाड्या चालू नाहीत म्हणून येत नाही आणि तुम्ही आम्ही येत नाही म्हणून बंद करता. शनिवारी आमच्या वॉर्डातल्या सहाजणी आणते. साडेअकरा चालेल का?

लोणी_डोसा:
या. पीठ राखून ठेवतो.

हॉस्टेलची_खिडकी:
परत येऊन चार दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणत होते. लांब होईल, पण सगळं लिहिते.

पहिल्या संध्याकाळी गावभागातल्या दादांनी सांगितलं तसंच केलं, गणपतीपासून चालत निघालो. मारुती चौकात आमच्यातला एकजण, तो आता पुलांचीच कामं करतो, तो भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं असेल ते दाखवत होता, तर शेजारच्या दुकानातले आजोबा बाहेर आले आणि म्हणाले आणखी वर, हात पुरत नाही तिथं. मग पंधरा मिनिटं ते बोलत होते. पानाचा डबा पुढं केला त्यांनी.

जेवायला मी तीन ठिकाणी फोन केला होता. दोघांनी फॅमिलीत बसा म्हणून सांगितलं, तिसरा म्हणाला बसा की खाली, काय झालं त्याला. तिथं गेलो. खाली आमच्याशिवाय बाई नव्हती हे खरं, पहिली दहा मिनिटं सगळी मान वळवून बघत होते, मग ताटं आली आणि कोणी बघेनासं झालं. माझी मैत्रीण जी कॉलेजात कोणाशी मान वर करून बोलायची नाही तिनं पांढऱ्या रस्स्याच्या चार वाट्या प्याल्या आणि वेटरला म्हणाली अजून. त्यानं पातेलंच आणून ठेवलं. मटणवाला मित्र त्या दिवशी खरंच गप्प होता, फक्त जेवत होता. जैन मैत्रिणीनं त्याआधी डोसा खाल्लेला होता, दोन खाल्ले, आणि लोणी डोसा दादांनी तिच्यासाठी तवा घासून घेतला हे तिनं रात्री दहा वेळा सांगितलं.

मग आयर्विन. पुलावर उद्घाटनाचं १९२९ साल वाचलं, चालत टोकापर्यंत गेलो, परत आलो, घाटाच्या पायऱ्यांवर दिव्याखाली बसलो. पाणी बरंच होतं. पलीकडं सांगलवाडीचे दिवे. भडंगाचं पाकीट फोडलं, कांदा आम्ही हॉटेलातनं कागदात बांधून आणला होता. मला वाटलं होतं आम्ही खूप बोलू, जुन्या गोष्टी निघतील, पण बराच वेळ कोणी बोललंच नाही. सव्वाबाराला पोलिसांची गाडी आली. माझ्या पोटात गोळा आला, तो साडेसातच्या वहीचा गोळा असणार. हवालदार खाली आले, कुठले पाहुणे विचारलं, मी सांगितलं कॉलेजला इथंच होते, तेव्हा रात्री बघायला मिळालं नाही म्हणून आलो. ते म्हणाले बसा, पण खालच्या पायरीला जाऊ नका, पाय घसरतो. आणि गेले. एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं की रात्री बाहेर असताना पोलीस आले तर काहीतरी भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिपूरला संगमावर गेलो, त्या चिंचेच्या रस्त्यानं. कृष्णा-वारणा तिथं मिळतात ते आम्ही कॉलेजात असताना बघितलं होतं, पण दिवसा, सहलीसारखं. संध्याकाळी भावे नाट्यमंदिरात मागच्या रांगेत जागा मिळाली. तिसरी घंटा तुमचं बरोबर आहे, आवाज कापतो. बाहेर आल्यावर चौकात कट वडा खाल्ला, तिखटानं डोळ्यातनं पाणी, आणि तिथं आम्ही खरंच तासभर उभ्या होतो, अनोळखी माणसांशी बोलत. एक काका माझ्या मित्राला रंगभूमीचा इतिहास सांगत होते, त्याला घाई होती पण त्यानं ऐकून घेतलं.

मिरजेला जाताना मुद्दाम आमच्या हॉस्टेलवरनं गाडी घेतली. पावणेबारा. गेट बंद, वरच्या मजल्यावर तीन खिडक्यांत दिवे. आम्ही तिघी खाली उतरून समोरच्या कट्ट्यावर बसलो. आतनं बघितलेला रस्ता बाहेरनं बघितला एवढंच केलं. वॉचमन आले तर त्यांना सांगितलं आम्ही इथल्याच, २००३ च्या. त्यांनी पाणी विचारलं.

मिरजेत स्टेशनबाहेर दोन वाजता बुर्जी-पाव. तंबोरा दादा, तुम्ही सांगितलेलं लक्षात होतं, हळू बोलत होतो. बाकावर एक बाई एकट्या बसल्या होत्या, विजापूरकडच्या, नवऱ्याची अँजिओप्लास्टी सकाळी. कन्नड-मराठी मिसळून बोलत होत्या. त्यांना चहा आणि बुर्जी दिली, बुर्जी खाल्ली नाही, चहा घेतला. माझ्या मैत्रिणीनं त्यांचा नंबर घेतला, काल फोन केला होता, व्यवस्थित झालं म्हणे.

पंढरपूरला आल्यावर मुलीला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, बुर्जी कितीला.

मिरजेचा_तंबोरा:
ताई, त्या विजापूरच्या बाईंचं वाचून बरं वाटलं. उरुसाला तारीख कळवतो.

लोणी_डोसा:
शनिवारी नाईट ड्युटीच्या ताई सहाजणी म्हणून नऊजणी आल्या. पावणेबाराला पीठ संपलं. या शनिवारी पण थांबतोय.

सेकंड_इयर_ईएनटीसी:
सगळा धागा वाचला. मी आत्ता हॉस्टेलला आहे, त्या वरच्या मजल्यावरच्या तीन खिडक्यांतली एक आमची असेल, आमच्या सबमिशनचा आठवडा होता. आमचं गेट आता साडेनऊला बंद होतं. शनिवारी लोकल गार्डियनची परवानगी मिळते, मावशी विश्रामबागला राहते. दादा, गाडी नेमकी कुठं लावता? मावशीला घेऊन येतो, आम्ही चौघीजणी आहोत.

लोणी_डोसा:
विश्रामबाग चौकातनं शंभर फुटीकडं यायला लागलं की डाव्या हाताला, निळं छत. मावशींना सांगा परत सोडायला माझा पोरगा येईल गाडी घेऊन. बटाटा भाजी पाहिजे का नुसती चटणी ते आधी सांगा, तसं करून ठेवतो.